फ्रिजचा खालचा कप्पा

मोहने, कल्याण
२० जानेवारी २०२५

चि. स्वप्नास,
आणि तिच्यासारख्या त्या सगळ्या बायकांना, ज्यांच्या हातचं जेवून माणसं बोटं चाटतात आणि पोट बिघडलं की तीच बोटं त्या हातांकडे रोखतात,

सगळ्यांना रमाआत्याचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तू म्हणशील, आत्याने मायन्यातच सभा भरवली. भरवली खरी. शाळेत मुलांसमोर आणि कामगारांच्या गेटसभांत बोलून बोलून माझा घसा अजून शाबूत आहे, गेले ते कान. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती खरखर ऐकू येते. समोर माणूस बसला असेल तर ओठांवरून सगळं कळतं, पण फोनला ओठ नसतात. म्हणून हे पत्र. तुझा भाऊ प्रशांत रोज ठाण्याला कामाला जातोच, त्याला मी आपलं टपालखातं नेमलं आहे. पगार नाही, फक्त दटावणी.

त्याच्याकडूनच कळलं. तुझे सासरे गुणाजीराव पंच्याहत्तर वर्षांचे झाले, तू त्यांच्यासाठी ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी भाजलीस, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन ते दवाखान्यात. सलाइन लावावं लागलं. बाकीच्यांची पोटं थोडीफार बिघडली आणि सावरली. आता ते घरी आलेत म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पण प्रशांतने पुढचं सांगितलं आणि तो भांड्यातून परत बाहेर आला.

तू ओव्हन जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलास. लग्नाआधी ज्याच्यात केक करून तू आपल्या अर्ध्या आळीचे वाढदिवस साजरे केलेस, जो रुखवतात मांडायचा म्हणून तू हट्ट धरलास, तो ओव्हन. आणि मांस-मच्छीला हात लावायचं सोडलंस. का, तर गुणाजीरावांची धाकटी बहीण गोदाबाई दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाल्या की आपल्याकडे असलं काही नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरची पद्धत असते.

हे वाक्य मी ओळखते, पोरी. सत्तर वर्षांत ते मला निरनिराळ्या कपड्यांत भेटलं आहे. माझ्या आईला ते विहिरीवर भेटलं, तेव्हा त्याच्या अंगावर कपडेसुद्धा नव्हते. मला शिक्षकांच्या खोलीत भेटलं, तेव्हा फार गोड आवाजात मला विचारण्यात आलं की मी माझा डबा जरा पलीकडे बसून खाईन का, काहींना वास सोसत नाही. आता तुला दवाखान्यात भेटलं, कडक इस्त्री करून. कोंबडी कच्ची राहिली असेल तर ती कोंबडी कच्ची राहिली. जंतू कोणाच्या घरी जन्मलेल्या हाताने मसाला लावला ते बघून पोटात शिरत नाहीत.

तू त्या घरात सर्वेशचा हात धरून गेलीस, कोणाच्या दारात भाकर मागायला गेली नाहीस. तेव्हा ओव्हन खाली उतरव. पण त्याआधी मला नेमकं काय घडलं ते लिही. काही गाळू नकोस. समजूत मी नंतर काढीन, आधी मला माहिती हवी.

दोन घास वेळेवर खात जा. तुझ्यावर माझी माया आहे ती आहेच, तुझ्या गप्प बसण्यावर मात्र ती जडायला तयार नाही.

तुझी
रमाआत्या


नौपाडा, ठाणे
२६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र प्रशांतने सगळे जेवायला बसलेले असताना आणून दिलं आणि वर सांगितलं की पाकीट सांभाळून उघड, आत दारूगोळा आहे. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. यावरून तुला कळलं असेल की बाबा आता बरे आहेत. मऊ भात आणि मेतकूट खाऊन कंटाळलेत. दवाखान्यात ते सर्वेशला सांगत होते की लग्न झाल्यापासून ह्या घरात कोंबडीची तंगडी एकतर मुलांना नाहीतर पाहुण्यांना जाते, आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या ताटात पडली आणि लगेच शिक्षा झाली. मी तिथेच होते. मला हसावं की रडावं ते कळेना.

आता नीट सांगते. तू मध्येच उभी राहून बोलायला लागू नकोस.

ह्या घरात कोंबडी-मटण चांगलं आवडीने खातात. दर रविवारी आई वडे करतात, आणि त्यांच्या रश्श्याला तोड नाही. पण कच्चं मांस फ्रिजमध्ये जात नाही. फ्रिजमध्ये देवाचं दूध असतं, नैवेद्याचं दही असतं, फुलांचा पुडा असतो. रविवारी सकाळी मांस येतं, थेट टोपात पडतं, आणि जे उरेल ते रात्रीपर्यंत संपवतात. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि कोणाला कधी काही झालं नाही. रश्श्याला ही पद्धत बरोबर आहे. मला मात्र अख्खी कोंबडी भाजायची होती, आणि तिला रात्रभर मसाला मुरायला हवा होता.

म्हणून मी शनिवारी संध्याकाळीच कोंबडी आणली. शनिवारी, ह्या घरात. दही, आलं-लसूण, मिरची चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात घातली आणि फ्रिजमध्ये खाली, अगदी मागे सरकवून ठेवली. विचारलं असतं तर नाही म्हणतील असं वाटलं, म्हणून विचारलं नाही.

सकाळी डबा फ्रिजमध्ये नव्हता. मागच्या बाल्कनीत होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि मांजरीने उघडू नये म्हणून झाकणावर वरवंटा. आत्या, तो वरवंटा ह्या घरात आईंशिवाय कोणी उचलत नाही. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी दही काढताना त्यांना डबा दिसला असणार. म्हणजे रात्रभर तो बाहेरच होता. त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. थंडीचे दिवस आहेत, काय होतंय, असं म्हणून मी कोंबडी ओव्हनमध्ये घातली.

पाहुणे लवकर आले. वरून कातडी मस्त लालसर झाली, घरभर वास सुटला, नणंदबाई संचिता दोनदा येऊन डोकावून बघून गेली. मी बाहेर काढली. कापताना छातीचं मांस पांढरं होतं. तंगडीत हाडाजवळ जरा गुलाबी दिसलं, मला वाटलं मसाल्याचा रंग उतरलाय. ज्यांचा वाढदिवस त्यांना तंगडी, म्हणून ती बाबांना वाढली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. कच्ची कोंबडी रात्री कुठे होती आणि ती आतपर्यंत शिजली होती का. मी म्हटलं, बाल्कनीत होती. सगळे धरून चालले की मीच ठेवली. आई शेजारी उभ्या होत्या. त्या बाबांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिल्या.

गोदाआत्या (रागावू नकोस, ह्या घरात त्यांनाही आत्याच म्हणतात) जे बोलल्या ते तुला वाटतं तेच होतं, मी नाही म्हणत नाही. पण आई तशा नाहीत गं. माझ्या हातची भाकरी त्या रोज खातात. त्या दिवसापासून त्या फ्रिज उघडतात, आत बघत उभ्या राहतात आणि काही न घेताच बंद करतात. मी सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं तर ह्या घरात आम्हा दोघींना पुन्हा एका ओट्यापाशी उभं राहता येईल का?

आणि आता खरं टेन्शन. संचिताचं लग्न ठरतंय. मुलगा मानपाड्याचा, आणि त्याच्या घरचे २३ फेब्रुवारीला रविवारी जेवायला यायचेत. ह्या वेडीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की वहिनी ओव्हनमध्ये मटणाची रान, म्हणजे बकऱ्याची अख्खी मांडी करते, बोटाने तुटेल इतकी मऊ. गोदाआत्या म्हणतात, बाहेरून मागवा. संचिता नुसती माळ्याकडे बघते. मी बाहेरून मागवायचं ठरवलंय. परवा साधं अंडं फोडायला घेतलं आणि परत ठेवून दिलं.

तू इथे येऊन सभा घेऊ नकोस, प्लीज. आणि हे कोणाला सांगू नकोस.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा. तुझं प्रेम नेहमी रागाच्या पाकिटात येतं, ते तसंच येत राहू दे.

तुझी
स्वप्ना


मोहने, कल्याण
१ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी चपला घातल्या आणि ठाण्याला निघाले. दुसऱ्यांदा वाचून चपला काढल्या. तिसऱ्यांदा वाचून कपाटातून पुस्तकं काढली.

पहिल्या वाचनात मला एवढंच दिसलं की तुझ्या सासूबाईंनी, शांताबाईंनी, डबा बाहेर काढला आणि सुनेवर आळ येत असताना तोंड मिटून घेतलं. ते मी अजूनही माफ केलेलं नाही. पण दुसऱ्या वाचनात मला वरवंटा दिसला. स्वप्ना, जिला तुझ्या अन्नाची शिसारी आली असती तिने ते कचऱ्यात टाकलं असतं, किंवा उघडं सोडलं असतं मांजरीला. ह्या बाईने फडकं ओलं केलं, डबा गुंडाळला, आणि स्वतःचा वरवंटा वर ठेवला. तिला देव सांभाळायचा होता आणि सुनेची कोंबडीही. दोन्ही सांभाळताना चूक झाली. मी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध बोलले ती माणसं झाकण लावत नाहीत. हा फरक मला कळतो, आणि तो कळूनही मी आरडाओरडा केला तर मी कसली शिकलेली बाई?

आता तुझ्याकडे वळते. तू गप्प राहिलीस त्याला तू समजूतदारपणा म्हणतेस. एका डब्याबद्दल दोन बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि म्हातारा माणूस सलाइनवर गेला. ह्याला समजूतदारपणा म्हणत नाहीत. एका तळ्याच्या पाण्यासाठी आपली माणसं हजारोंनी चालत गेली, पोरी. तुला एका कप्प्यासाठी स्वयंपाकघर ओलांडून जाता आलं नाही. चोरून ठेवलेला हक्क हा हक्क नसतो, तो कोणीही रात्री उचलून बाल्कनीत ठेवू शकतो.

आणि आता शास्त्र. मला वाटलं होतं तू मसाल्याची पुस्तकं वाचतेस तशी हीही वाचली असशील.

रस्सा बोलतो. तो उकळतो, वाफ सोडतो, झाकण हलवतो, आणि लहान तुकडे त्या उकळीत चारी बाजूंनी शिजतात. तुझ्या सासूबाईंची पद्धत म्हणूनच कधी चुकली नाही. ओव्हन बोलत नाही. तिथे उष्णता बाहेरून आत हळूहळू सरकते, आणि हाडाजवळ सगळ्यांत शेवटी पोचते. वरचा रंग दह्याचा आणि तिखटाचा असतो, तो लवकर चढतो आणि आतलं काहीच सांगत नाही. तुझी कोंबडी बाहेरून भाजली आणि मांडीत कच्ची राहिली. जनावराच्या सगळ्यांत जाड भागात थर्मामीटरची सुई खुपसून आतला आकडा वाचायचा, दुसरा कुठलाही पुरावा धरायचा नाही. कोंबडीला तो आकडा चौऱ्याहत्तर अंशांच्या वर गेला पाहिजे, आणि सुई हाडाला टेकता कामा नये, हाड खोटं सांगतं. असला सुईचा थर्मामीटर तुमच्या नौपाड्यात केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळेल. आजच आण.

दुसरं, दही-लिंबाने मांस मऊ होतं, जंतू मरत नाहीत. आपली थंडी ही स्वेटर घालायची हौस भागवण्यापुरती असते, जंतूंना ती घरासारखी वाटते. रात्रभर बाहेर राहिलेल्या मांसात काही जंतू असं विष सोडून ठेवतात की नंतर कितीही भाजलं तरी ते जात नाही. म्हणजे त्या दिवशी ओव्हनने आपलं काम पुरं केलं असतं तरी तुमची सुटका नव्हती. मुरवायचं ते फ्रिजमध्येच. बाहेर राहिलेलं दिसलं तर जिवावर उदार होऊन शिजवायचं नाही, टाकून द्यायचं. कोंबडी नळाखाली धुवायची नाही, तिचे शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीपर्यंत उडतात. कच्च्याची सुरी आणि पाट वेगळा. आणि जेवणं झाल्यावर उरलेलं गप्पा संपेपर्यंत टेबलावर ठेवायचं नाही.

रान करायचं म्हणशील तर ती कोंबडीपेक्षा सोपी आहे, फक्त घाईची नाही. कांद्यावर ठेव, थोडं पाणी घाल, भांड्यावर फॉइल घट्ट लाव आणि मंद आचेवर तिला वाफेत मऊ होऊ दे. आकडा नव्वदीपर्यंत जाऊ दे, तेव्हा ती बोटाने तुटेल. मग फॉइल काढून वरचा ग्रिल लाव, आणि तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलू नकोस. चरबीचे थेंब तापलेल्या सळईवर उडाले की जाळ होतो. गरम काचेच्या भांड्यात थंड पाणी ओतू नकोस. ओव्हन भिंतीतल्या मोठ्या प्लगलाच लाव, एक्स्टेन्शनला नाही.

तिसरं, आणि हे शास्त्रही आहे आणि राजकारणही. कच्चं मांस फ्रिजमध्ये नेहमी सगळ्यांत खाली ठेवायचं असतं, म्हणजे त्याचा थेंब दुसऱ्या कशावर पडत नाही. देवाचं दही सगळ्यांत वर, कोंबडी सगळ्यांत खाली, झाकणबंद. ह्यात शांताबाईंच्या देवाचा मान राहतो आणि माझ्या शास्त्राचाही. दोघांचं एकमत झालेली दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही. तेव्हा जा आणि खालचा कप्पा माग. भांडून नाही, लाजूनही नाही. माग.

मी येत नाही. सभा घेत नाही. इतकं मी तुझ्यासाठी यापूर्वी कधी केलेलं नाही, याची नोंद असावी. गुणाजीरावांना माझा नमस्कार सांग आणि पुढची तंगडी माझ्या जबाबदारीवर खायला सांग.

तुझी, सध्या चपला काढून बसलेली
रमाआत्या


नौपाडा, ठाणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मागितला.

गुरुवारी आई समई पुसत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं की मला फ्रिजचा खालचा कप्पा कच्च्या मांसासाठी हवाय, झाकणबंद डब्यात ठेवीन, आणि तुमच्या देवाचं सगळं वरच्या कप्प्यात राहील, त्याच्यावर थेंबही पडणार नाही. एवढं मी न अडखळता बोलले, तुझा आवाज डोक्यात होता म्हणून. आईंनी वात सारखी केली. मी उठून कपडे वाळत घालायला गेले आणि तिथेच थोडी रडून घेतली. म्हटलं, झालं.

शनिवारी सकाळी फ्रिज उघडला तर खालचा कप्पा रिकामा. धुऊन, पुसून, कोरडा. देवाचं दूध-दही वर, त्यांच्या स्वतंत्र डब्यात. आणि ओट्यावर तो मोठा स्टीलचा डबा, ज्यात त्या दिवाळीला चकल्या ठेवतात. पाठमोऱ्याच म्हणाल्या की ह्याचं झाकण त्या तुझ्या प्लास्टिकच्या डब्यापेक्षा घट्ट बसतं. आणि मांस आजच आणायचं असेल तर दिवाबत्तीच्या आधी आणून ठेव. शनिवारी, आत्या. बाबांनी पेपरामागून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

सर्वेशने ओव्हन उतरवला. चादरीवर धूळ होती, ओव्हनवर नव्हती. कोणीतरी मधे पुसला होता. मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याही चालतात, हो ना?

काल रविवारी कोंबडी केली. वरून रंग आला, वास आला, अगदी त्या दिवसासारखा. संचिता म्हणाली, झाली. सर्वेश म्हणाला, झाली. मी सुई खुपसली तर आकडा साठाच्याही खाली. आई चष्मा लावून जवळ आल्या. त्यांनी आकडा बघितला, मग कोंबडीचा रंग बघितला, मग परत आकडा. त्यांनी मला हळूच विचारलं की म्हणजे त्या दिवशीही हे असंच असेल का. मी म्हटलं, असेल. त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, आणि त्यात रात्रभर बाल्कनीत. मग म्हणाल्या की डबा काढताना त्यांना वाटलं होतं सकाळी तुला सांगू, सकाळी वाटलं तू विचारशील तेव्हा सांगू, आणि दवाखान्यात वाटलं, आता कोणत्या तोंडाने. मी कोंबडी परत आत ढकलली.

आकडा ऐंशीच्या जवळ गेला तेव्हा बाहेर काढली आणि जरा झाकून निवू दिली. कापायला घेतली तर आईंनी तंगडी स्वतःच्या ताटात घेतली. ह्या घरात त्यांनी कधीच घेतलेली नाही. बाबांच्या आधी, सगळ्यांच्या आधी त्यांनी हाडाजवळचा घास तोडून खाल्ला. बाबा बघत राहिले. मग म्हणाले की त्यांची तंगडी आता कायमची गेली वाटतं.

रान करायची ठरली आहे. पण २३ तारखेला गोदाआत्याही येणार, आणि त्यांनी कालच फोन करून सांगितलंय की त्या आपल्यासाठी घरून पिठलं-भाकरी आणतील. फोन आईंनी घेतला होता. त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि बरं म्हणून ठेवून दिला.

मला त्यांच्याकडून काही नको, आत्या. कप्पा मिळाला. पण गोदाआत्या पिठल्याचा डबा उघडतील तेव्हा मी कुठे बघू, ते मला सांग.

तुझ्या रागाला सांगावं की इकडे फेरी मारायला हरकत नाही, पण तू बरोबर आलीस तरच.

तुझी
स्वप्ना


नौपाडा, ठाणे
१३ फेब्रुवारी २०२५

श्री. रमाताई यांस,
सप्रेम नमस्कार आणि जयभीम. वि. वि.

तुम्हांला जयभीमही लिहितात हे मी स्वप्नाला विचारून घेतलं. चुकलं असेल तर सांभाळून घ्या. पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षरही वाकडं येतं.

आपली दोघींची भेट लग्नातच झाली, तेव्हा गडबडीत बोलणं झालं नाही. तुम्ही स्वप्नाला लिहिलेली पत्रं मी वाचलेली नाहीत. पण ती वाचताना तिचा चेहरा बघितला आहे, त्यावरून तुम्ही काय लिहीत असाल ते कळतं.

डबा मी बाहेर ठेवला हे तुम्हांला ठाऊक असणारच. घरात ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यांनाही मी सांगितलं. हे म्हणाले, माझं पोट झालं बरं, आता तुझं कर. पण गोदावन्संना सांगता येत नाही. मी ह्या घरात आले तेव्हा त्या लहान होत्या, मी त्यांच्या वेण्या घातल्या. कोणत्या भांड्याला कधी शिवायचं, कोणत्या वारी काय करायचं, हे सगळं त्यांना मीच शिकवलं. त्या दवाखान्यात जे बोलल्या ते माझंच शिकवलेलं माझ्यासमोर बोलल्या. फोनवर दोनदा तोंड उघडलं, शब्द फुटला नाही.

तेविसाला जेवायला यावं. संचिताच्या सासरची माणसं असतील, वन्सं असतील. माझी एक विनंती आहे. तुम्ही मोठमोठ्या सभांत बोलला आहात. तुम्ही उभं राहून माझ्या वतीने सगळ्यांना सांगाल का, की त्यात पोरीच्या हाताचा दोष नव्हता. तुमचं ऐकतील. मी शेजारी बसेन.

वडे मी करणार आहे. मटण स्वप्ना करणार आहे. तुम्हांला तिखट कितपत चालतं ते कळवावं.

घर आपलंच समजून यावं, आणि येताना थोडी धिटाई माझ्यासाठी घेऊन यावी, एवढीच मागणी.

आपली
शांता


मोहने, कल्याण
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय शांताताई,
सप्रेम जयभीम आणि नमस्कार.

काही चुकलं नाही. तुमचं अक्षर मला सरळ दिसलं.

तेविसाला मी येते. प्रशांत सकाळीच घेऊन येईल. तिखट मला भरपूर चालतं, स्वप्नाला विचारा, माझ्या तोंडाला त्याची सवय आहे.

तुमची विनंती मात्र मी परत करते आहे. असं मी आजवर कोणाला कळवलेलं नाही. मला कोणी बोल म्हटलं आणि मी नाही म्हटलं, हे प्रशांतला सांगितलं तर तो मला तपासायला डॉक्टर आणील. महिन्याभरापूर्वी तुम्ही विचारलं असतंत तर मी तुमच्या दिवाणखान्यात पाऊण तास बोलले असते, आणि गोदाबाई पिठल्याचा डबा न उघडताच परत गेल्या असत्या. पण त्यांनी माझं ऐकलं असतं म्हणजे काय केलं असतं? त्या म्हणाल्या असत्या, स्वप्नाची आत्या आहे, स्वप्नाची बाजू घेणारच. तुमचं शिकवलेलं त्यांना तुमच्याच तोंडून मागे घेतलेलं ऐकावं लागेल. ते काम माझ्या आवाजाचं नाही.

तुम्हांला भाषण करायचं नाही. मी एक गोष्ट सांगते, ती माझ्या सगळ्या सभांची खरी युक्ती आहे. गर्दीसमोर उभी राहिले की माझीही जीभ टाळ्याला चिकटायची. तेव्हा मी पहिलं वाक्य नेहमी अशा गोष्टीचं बोलायची जी डोळ्यांसमोर दिसते आहे आणि जिच्याबद्दल कोणी वाद घालू शकत नाही. आज गेट बंद आहे. आज दिवे गेलेले आहेत. एवढं तोंडातून निघालं की पुढचं वाक्य त्याच्या मागून आपण होऊन येतं.

तुमच्याकडे तसं वाक्य आहे. रान ओव्हनमधून निघाली की स्वप्ना ती स्वयंपाकघरात कापणार नाही. ती भांडं टेबलावर आणील, सगळ्यांच्या मधोमध. ती जाड भागात सुई खुपसेल. तुम्ही चष्मा लावा आणि आकडा वाचा. मग गोदाबाई विचारतीलच, हे कशाला. विचारतील, कारण तुम्हीच त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला शिकवलं असणार. त्यांना उत्तर द्यायला तुमच्याजवळ दोनच वाक्यं आहेत, डबा मी बाहेर ठेवला आणि पोरीच्या हाताचा दोष नव्हता, आणि ती दोन्ही तुमची मला पत्रात लिहून झालेली आहेत. लिहिता आली, तर बोलताही येतील.

ती बोलून झाली की पहिला तुकडा गोदाबाईंना वाढा. त्यांनी तो घेतला नाही तर मी घेईन, आणि त्यांचं पिठलंही खाईन. मी दोन्ही पक्षांचं खाते. स्वप्ना, हे पत्र तुझ्या सासूबाई तुला वाचायला देतील, तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच घे. गोदाबाई डबा उघडतील तेव्हा तू दुसरीकडे कुठे बघू नकोस, आईंच्या चेहऱ्याकडे बघ.

मी तुमच्या अगदी समोरची खुर्ची घेणार आहे, शांताताई. घरात कितीही गोंगाट असला तरी मला त्याचा त्रास नाही. मला काही ऐकू येणार नाही. मी तुमच्या ओठांकडे बघत बसेन, आणि तिथून मला सगळं कळतं.

तुमच्या घरच्या सगळ्यांना माझ्या वाट्याचा जिव्हाळा आजच पोचता करते, तेविसाला रिकाम्या हाताने येता यावं म्हणून. आणि एवढं एक करा. आकडा थांबला की तो मोठ्याने वाचा.

आपली
रमा